तीसचं गाव कोणतं

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीत,
ऊस-ट्रॉलीचे जॅक बनवणाऱ्या आमच्या शेडच्या माळ्यावर
काल दुपारी एक भरलेली ट्रॉली जमिनीत घुसली.

पडद्यावर फक्त.
सेल एफ-बारा : वजा एकोणऐंशी.
जॅक वर ढकलायच्या ऐवजी खाली ओढूलाला,
आणि गोकाकचा सोमलिंग, कामावर येऊन नववा दिवस,
माझ्याकडे बघत : "साईन म्हणजे साईनच की, मॅडम."

तीस लिहिलं होतं त्यानं. तीस अंश, त्याच्या मनात.
शीटला अंश कळत नाहीत, तिची मोजणी रेडियनची.
तीस म्हटल्यावर ती बिचारी
घाण्याच्या बैलासारखी चार फेरे मारून
पाचव्यात खाली तोंड करून थांबली.
रेडियन्स हा एक शब्द कंसाभोवती घातला,
चाळीस आले. ट्रॉली उठली.

ही चूक बरी. वजाचं चिन्ह लावून
स्वतःच चव्हाट्यावर येते.
मला भीती गप्प बसणाऱ्यांची.

भरमा कंग्राळकरांची जुनी शीट :
सी-सात मध्ये एकशे साठ. नुसतं.
त्यांच्या गेजवर ते किलो, चौरस सेंटीमीटरला.
इंचल साहेबांच्या ऑर्डरीत ते बार.
फरक शंभराला दोन. कोण बघतंय?
ऐंशीच्या बोअरला मी मांडून बघितला :
एकशे साठ किलो.
म्हणजे उसावर बसलेली दोन धडधाकट माणसं,
कागदावर उचललेली,
खरी खालीच.

सात वर्षं ती शीट चालली.
सूत्राच्या पोटात एक ०.०९८१
कुणी ठेवलं, कशासाठी, विचारलं
तर सगळे छताकडे बघतात.

आमच्याकडे माणसाला आधी गाव विचारतात.
मोदग्याचा तो मोदगेकर, उचगावचा उचगावकर,
नाव मागाहून सांगितलं तरी चालतं.
संख्येला का नाही विचारत कुणी?

मामांची जमीन दोन राज्यांत. इकडची एकर-गुंठ्यात,
चंदगडाकडची हेक्टर-आरमध्ये.
"गुंठा काय, आर काय, एकच," म्हणत
त्यांनी वाटणीची बेरीज केली.
चाळीस गुंठ्यांमागे सत्तेचाळीस चौरस मीटर
कुठल्याच उताऱ्यात नाहीत.
एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढे तुळस लावण्याएवढी जागा
दोन मापांच्या मध्ये रिकामी पडली आहे.

म्हणून कालपासून नवीन रकाना.
प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याचं आडनाव :
मिमी, बार, न्यूटन, अंश.
गुणक सगळे वेगळ्या पानावर, नावानिशी,
सूत्रात उघडा आकडा दिसला तर पिवळा होतो.
भरमाकाका चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"आणि माझं सूत?"
त्यांचं माप सुताचं. इंचाचे आठ.
"फ्लँज दोन सूत घे" म्हटलं की
लेथवरचा हात आपोआप थांबतो जिथं थांबायचा.
लिहिलं : सूत, ३.१७५ मिमी.
त्यांनी ते दोनदा वाचलं.
"पुढचे ते पाच कशाला," म्हणाले, आणि जिना उतरले.

सोमलिंग आता प्रत्येक कंसापाशी थबकतो,
जरा जास्तच. चहा किती, विचारलं
तर म्हणतो, कप की मिली.

संध्याकाळी रॉडची लांबी हवी होती.
माळ्यावरून वाकून मी ओरडले,
"बसवण्णी, एष्टु?"
ग्राइंडरच्या आवाजातून खालून आलं,
"ऐवत्तु!"

पन्नास. बोट रकान्यावर ठेवून विचारलं,
ऐवत्तु काय? मिमी? सेंटी? सूत?

ग्राइंडर बंद झाला. थोडा वेळ काहीच नाही.
मग, अगदी समजुतीच्या सुरात :

"ऐवत्तु अंद्रे ऐवत्तु, अक्का."